मगरीच्या बातमीमागे

दांडिया बाजारात फरसाणाच्या दुकानावर
दुसऱ्या मजल्याला आमचं केबल चॅनेल.
बातम्यांना तेलाचा वास येतो.

धनसुखभाई दर तीन महिन्यांनी चॅनेल बंद करतात.
टेबलावर चाव्या आपटतात, "बस, हवे नहीं,"
ताडताड जिना उतरतात
आणि पाव किलो पापडी घेऊन वर येतात.
तोवर चाव्या मी खिळ्याला लावलेल्या असतात.

तेजेंद्र बातम्या वाचतो. आवाज असा
की महापौरही उठून उभे राहावेत.
फक्त निदान आणि निधन यांत
सहा वर्षं त्याचा गोंधळ आहे.
मोफत निधन शिबिराला त्या रविवारी
बरीच गर्दी झाली, असं त्यानं सांगितलं,
आणि खरंच झाली होती.

मी घरी कुणाला जेवायला बोलावलं की वीज जाते.
वरच्या ऊर्मीबेन दिवाळीनंतर एक स्थळ आणतात;
त्याचं आयुष्य एक संध्याकाळ.
आणंदचा एक होता, डेअरीतला,
दोन तास दुधातल्या फॅटवर बोलला.
एक विधुर आईला घेऊन आला होता.
आई मला आवडली.
तिचा फोन अजून येतो, लोणचं मुरलं का विचारायला.

आणि दरवर्षी विश्वामित्रीतून मगर वर येते,
कुणाच्या तरी स्कूटरशेजारी पडून राहते.
आम्ही गेल्या वर्षीचंच फुटेज लावतो.
मगरही तीच असेल.
तिलाही कुठे बदली मिळत नसेल.

तर यंदा मी तीच बातमी लिहीत होते,
पाठकोऱ्या कागदावर. आमच्याकडे सगळंच पाठकोरं.
जागा संपली म्हणून कागद उलटला,
तर मागे जुनं व्हाउचर:
कीर्तिकुमार शाह, वृत्तसंपादक, रुपये सोळा हजार पूरा.
माझ्या आधीचा माणूस.
हीच खुर्ची, हाच न उघडणारा खण,
हीच मगर.
मला चौदा.

धनसुखभाई म्हणाले, "त्याला संसार होता ने, वैजयंतीबेन."
मी म्हटलं, मलाही घर आहे.
त्याला दार आहे, दारावर ताम्हाणे लिहिलंय,
आणि विजेचं बिल त्याच नावानं येतं.
ते गप्प झाले. खाली गेले. पापडी घेऊन आले.

मी खाल्ली. गरम होती.

कारण नियमच तसा आहे ना:
दिवस मिटायच्या आत सगळं जिथल्या तिथे यावं,
चाव्या खिळ्याला, राग पोटात, बेन खुर्चीत,
नाहीतर उद्याचा भाग सुरू कुठून करणार?

बातमी मी गुजरातीत लिहिते, पाढे मात्र मराठीत येतात.
रात्री कूस बदलता बदलता ओठांवर आलं:
बे आठी सोळा.
सोळातले दोन म्हणजे आठवा हिस्सा.
आठ तासांतला आठवा हिस्सा म्हणजे
एक तास.

दुसऱ्या दिवसापासून मी पाचला उठते.
कॉपी टेबलावर, पेन खणावर, पर्स खांद्याला.
पहिल्या दिवशी तेजेंद्र हळूच विचारता झाला,
"घरी कुणाचं निदान झालं का?"

सूरसागरच्या कठड्यावर बसते.
चपला काढते. शेंगा घेते, पाच रुपयांच्या.
या तासात कुणी दार ठोठावत नाही,
कॉलेजातली मैत्रीण हिरे घालून अचानक येत नाही,
कुणाचा गैरसमज होत नाही, दूर होत नाही.
टरफलं पडतात. एक म्हातारा बदकांवर ओरडतो.
दाखवायला गेलं तर कुणी बघणार नाही
असा हा तास.

सहाला समोरच्या पानाच्या गादीवरून
तेजेंद्रचा आवाज येतो. वाक्यं माझी.
माझे सगळे स्वल्पविराम तो गिळतो.
मगर आज पुन्हा दिसली म्हणे.

तास भरला. तरी मी उठत नाही.
मागच्या सहा वर्षांचं
अजून कापायचंय.